जुना मधुमेह, थकलेले हृदय आणि विषाणूची साथ

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत राज्याच्या आरोग्य विभागाचे दैनंदिन प्रसिद्धिपत्रक संध्याकाळी येत असे आणि त्यात कोविडच्या मृतांची संख्या सांगून झाली की बहुतेक दिवशी एकाच धाटणीचे वाक्य असे: मृत्यू झालेल्यांपैकी इतक्या जणांमध्ये मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयरोग असे अतिजोखमीचे आजार आढळले. आकडे रोज बदलत, वाक्य मात्र तेच राही. मी जिल्ह्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो आणि माझ्या ओपीडीत येणारी बहुसंख्य माणसे याच तीन आजारांची असतात. त्यामुळे त्या वाक्याचे पडसाद मला रोज ऐकू येत. ज्यांना काही आजार नव्हता त्यांना ते वाचून हायसे वाटे. ज्यांना साखर होती ते ‘आता आमचे काय’ असा चेहरा करून समोर बसत. आणि ज्यांच्या घरातले माणूस गेले होते त्यांना शेजारीपाजारी समजूत घालत की तसेही त्यांना शुगर होतीच.

ही तिसरी प्रतिक्रिया मला सर्वांत जास्त सलते, आणि हा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की माणसाला जुना आजार आहे की नाही एवढ्यावरून फार थोडे कळते. विषाणू शरीरात शिरला त्या वेळी तो आजार कोणत्या अवस्थेत होता, यावरून पुष्कळ कळते. आणि ती अवस्था बऱ्याच अंशी बदलता येते.

प्रथम आकड्यांचा हिशेब. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ज्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यानुसार प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे आणि ११.४ टक्के लोकांना, म्हणजे दहा कोटींहून अधिक भारतीयांना, मधुमेह आहे. गोव्यात तर मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. वय वाढते तसे हे प्रमाण चढत जाते. तेव्हा साठी ओलांडलेल्या मृतांपैकी निम्म्यांना बीपी होता असे सांगितले, तर त्यातून बीपीमुळे मृत्यू ओढवला असे सिद्ध होत नाही, कारण त्याच वयाच्या हयात माणसांतही ते प्रमाण जवळपास तेवढेच निघू शकते. तुलना करायची ती त्याच वयाच्या, त्याच वस्तीतल्या, पण वाचलेल्या माणसांशी. दैनंदिन प्रसिद्धिपत्रकात ती तुलना शक्य नव्हती. पण वाचणाऱ्याने ती मनात धरायला हवी होती.

चीनमधून फेब्रुवारी २०२० मध्ये आलेली पहिली मोठी आकडेवारी अशीच वयाचा हिशेब न लावलेली होती. खात्री झालेल्या सुमारे ४४,७०० रुग्णांमध्ये एकूण मृत्यूचे प्रमाण २.३ टक्के होते. हृदय व रक्तवाहिन्यांचे आजार असलेल्यांत ते १०.५ टक्के, मधुमेहींत ७.३ टक्के, उच्च रक्तदाब असलेल्यांत ६ टक्के आणि कोणताही जुना आजार नसलेल्यांत ०.९ टक्के. आकडे धक्कादायक होते आणि जगभर पसरले. परंतु हृदयविकाराचे रुग्ण वयानेही मोठे असतात, ही गोष्ट त्यांत मिसळून गेली होती.

ती गुंतागुंत सोडवण्याचा सर्वांत नेटका प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. तेथे फॅमिली डॉक्टरकडची नोंद संगणकावर असते. सुमारे १ कोटी ७० लाख प्रौढांच्या नोंदी आणि त्यांच्यातील जवळपास ११,००० कोविड मृत्यू यांची सांगड घालून वय, लिंग, गरिबी, वंश, वजन आणि प्रत्येक आजार यांचा वाटा वेगळा काढण्यात आला. वयाचा वाटा इतर सगळ्यांना झाकून टाकणारा निघाला: पन्नाशीतल्या माणसाच्या तुलनेत ऐंशीच्या पुढच्या माणसाचा धोका सुमारे वीसपट. हे सगळे बाजूला काढल्यावर नुसत्या उच्च रक्तदाबाचा स्वतंत्र वाटा जवळजवळ उरला नाही. जुन्या हृदयविकाराचा उरला, पण माफक. मधुमेहाच्या बाबतीत मात्र संशोधकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. त्यांनी मधुमेहींचा एकच गट न करता तीन महिन्यांच्या सरासरी साखरेनुसार, म्हणजे ज्याला आपण एचबीएवनसी म्हणतो त्यानुसार, दोन गट केले. ७.५ टक्क्यांच्या खाली असलेल्यांचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या १.३ पट निघाला आणि त्याच्या वर असलेल्यांचा १.९५ पट. आजाराचे नाव एकच. धोक्यातला फरक मोठा.

चीनच्या हुबेई प्रांतातील रुग्णालयांचा अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. दाखल मधुमेहींपैकी ज्यांची साखर उपचारादरम्यान आटोक्यात राहिली त्यांच्यात मृत्यू १.१ टक्का, ज्यांची राहिली नाही त्यांच्यात ११ टक्के. मी हा आकडा सांगताना नेहमी हात राखून सांगतो, कारण ज्याचा आजार गंभीर होतो त्याची साखर आजारामुळेही चढते. म्हणजे चढलेली साखर काही प्रमाणात गांभीर्याचे कारण आणि काही प्रमाणात त्याचा परिणाम असते. तरीही इंग्लंडच्या अभ्यासातील साखर साथीच्या आधी मोजलेली होती, त्यामुळे तेथे ही शंका टिकत नाही. आणखी एक गोष्ट माझ्या तरुण रुग्णांना मुद्दाम सांगावी लागते: दुप्पट धोका म्हणजे मूळ धोक्याच्या दुप्पट. चाळिशीच्या आतल्या माणसाचा मूळ धोका इतका कमी होता की त्याची दुप्पटही लहानच राहत होती. घाबरून अन्न टाकण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

विषाणू फुप्फुसात शिरतो, मग हृदय का बंद पडते, असा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. अंगात ताप एक अंश सेल्सियसने वाढला की नाडीचे ठोके मिनिटाला साधारण दहाने वाढतात. म्हणजे हृदयाला जास्त काम आणि त्यासाठी जास्त प्राणवायू हवा असतो. नेमक्या त्याच वेळी न्यूमोनियामुळे रक्तातला प्राणवायू घटतो. धमन्या मोकळ्या असलेले हृदय हा ताण काही दिवस सोसते. ज्याची एखादी धमनी आधीच अरुंद आहे त्याच्या हृदयाच्या स्नायूला मागणी आणि पुरवठा यांतली ही तफावत झेपत नाही आणि नवी गुठळी न होताही स्नायूचा काही भाग मरतो. याशिवाय दुसरी वाट आहे ती गुठळीची. संसर्गामुळे सर्व शरीरात जो दाह उसळतो त्यामुळे धमनीच्या भिंतीतील चरबीच्या थराचे झाकण कमकुवत होते, ते फाटते आणि आधीच चिकट झालेल्या रक्तात त्यावर गुठळी धरते. धमनीच्या आतले नाजूक अस्तर निरोगी असेल तर ते गुठळी होऊ देत नाही. वर्षानुवर्षांची साखर, बीपी आणि तंबाखू यांनी तेच अस्तर खराब केलेले असते.

हे केवळ कोविडचे वैशिष्ट्य नव्हे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात फ्लूची प्रयोगशाळेत खात्री झालेल्या आणि त्याच सुमारास हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली होती: फ्लू झाला तो आठवडा विरुद्ध त्याच माणसाच्या आयुष्यातले आधीच्या आणि नंतरच्या वर्षातले इतर आठवडे. पहिल्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण सहापट होते. मला या अभ्यासाची रचना फार मोलाची वाटते, कारण त्यात ‘त्याला आधीच आजार होता’ हा आक्षेप उरतच नाही. मधुमेह, बीपी, सिगारेट हे सगळे त्याच्याबरोबर त्या इतर आठवड्यांतही होतेच. त्या एका आठवड्यात नवा आला तो फक्त विषाणू.

वूहानमधील एका रुग्णालयाने ४१६ कोविड रुग्णांच्या रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे प्रथिन, मोजले होते. सुमारे एकपंचमांश रुग्णांत ते वाढलेले सापडले. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक दगावले. ज्यांचे वाढले नव्हते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ४.५ टक्के होते.

ज्याच्या हृदयाचे पंपिंग आधीच कमी आहे अशा रुग्णाची अडचण आणखी वेगळी असते आणि ती बाहेरून दिसत नाही. संसर्गाने बीपी खाली येते, मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही, म्हणून सलाईन द्यावे लागते. पण कमजोर हृदयाला ते पाणी पुढे ढकलता येत नाही आणि ते फुप्फुसात साचते, जिथे न्यूमोनियाने आधीच जागा अडवलेली असते. शंभर मिली द्यायचे की दोनशे, आणि दिल्यावर तासाभराने लघवी किती झाली, यावर रात्रभर लक्ष ठेवावे लागते. अशा रुग्णाला निरोगी माणसासाठी असलेले उपचार जसेच्या तसे देता येत नाहीत. जुना आजार उपचारांची वाट अरुंद करतो, हा मृत्यूचे प्रमाण वाढवणारा भाग कोणत्याही तक्त्यात स्वतंत्रपणे येत नाही.

मधुमेहाकडे येतो. रक्तातली साखर दीर्घकाळ जास्त राहिली की संसर्गाच्या जागी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी संथ होतात आणि जंतू गिळण्याची त्यांची क्षमता घटते. पोटाच्या आतली चरबी दाह वाढवणारी रसायने सतत थोडी थोडी सोडत असते, त्यामुळे संसर्ग झाल्यावर शरीराची प्रतिक्रिया सुरुवातीला अपुरी आणि नंतर अतिरेकी होते. शिवाय कोणताही गंभीर आजार झाला की शरीर कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रिनालिन सोडते, आणि ही दोन्ही संप्रेरके साखर चढवतात. कोविडमध्ये त्यात स्टिरॉइडची भर पडली. हे औषध टाकाऊ होते असे मी मुळीच म्हणत नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले की डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे सुमारे एकपंचमांशाने कमी होतात. त्याच चाचणीने हेही दाखवले होते की ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना या औषधाचा फायदा होत नाही. हे दुसरे वाक्य २०२१ च्या एप्रिलमध्ये गावोगाव विसरले गेले आणि तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरीच स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या.

त्या दिवसांतला एक रुग्ण मला येथे सांगायचा आहे. पन्नाशीतला, पिठाची गिरणी चालवणारा, अंगाने सडपातळ. नोंदणीच्या कागदावर जुन्या आजारांच्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले होते, कारण त्यानेच तसे सांगितले होते: “मला काही नाही डॉक्टर, मी कधी दवाखान्याची पायरीच चढलो नाही.” घरी त्याला स्टिरॉइड सुरू होते. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या प्राणवायूचे प्रमाण, ८६ होते आणि बोटातून काढलेल्या थेंबाची साखर ४३८. ही वाढ केवळ औषधाची असेल असे आधी वाटावे. पण एचबीएवनसी १०.६ आले, म्हणजे निदान गेले काही महिने तरी त्याची साखर बेसुमार होती आणि आजार बहुधा त्याहून जुना होता. पाय रात्री जळतात, हेही मग त्याच्या बायकोने सांगितले. त्याला इन्सुलिन शिरेतून द्यावे लागले आणि तासातासाला साखर मोजावी लागली. सिस्टर पीपीई घालून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांची डबी घेऊन फिरत, आणि त्या पट्ट्याही तेव्हा जपून वापराव्या लागत. तो वाचला. दगावला असता तर सरकारी आकडेवारीत ‘कोणताही जुना आजार नसलेला’ म्हणून मोजला गेला असता. ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नाही अशी माणसे आपल्याकडे इतकी आहेत की ‘आजार नसलेल्यांचे मृत्यू’ ही संख्या मी तेव्हाही पूर्ण विश्वासाने वाचू शकत नव्हतो.

तो सडपातळ होता याकडेही लक्ष द्यायला हवे. पाश्चात्त्य देशांत लठ्ठपणाचा धोका सांगताना बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, ४० च्या वर असलेले लोक पुढे येतात. तसे रुग्ण आपल्याकडे तुलनेने थोडे. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कित्येक वर्षे दाखवून दिले आहे की भारतीय शरीर वजनाने हलके दिसले तरी त्यात चरबीचे प्रमाण जास्त असते. २००४ मध्ये त्यांनी आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याने स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली: दोघांचाही बीएमआय २२.३, ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर अधिक बोलतो. पोट सुटलेला माणूस उताणा झोपला की पोटाचा भार छाती आणि पोट यांमधल्या पडद्यावर येऊन फुप्फुसाचा तळ दाबला जातो, हे कोविड वॉर्डात पालथे झोपवल्यावर वाढणाऱ्या सॅच्युरेशनने आम्हाला दाखवले.

गिरणीवाल्याला बुरशीचा संसर्ग झाला नाही, हे त्याचे नशीब. त्याच आठवड्यांत चढलेली साखर आणि स्टिरॉइड यांच्या जोडीने म्युकरमायकोसिसची लाट आली. साखर फार वाढून रक्त आम्लधर्मी झाले की रक्तातले लोह मोकळे होते आणि ही बुरशी त्यावर पोसते. टाळूवर काळा चट्टा, एका डोळ्याभोवती सूज, गाल बधिर, ही लक्षणे सांगत रुग्ण येत, आणि अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांतून फोन करत. कोविडमधून बरे झालेल्या माणसाचा डोळा किंवा जबडा काढावा लागत होता. यातील बहुतेकांना मधुमेह होता आणि त्यांची साखर आवाक्याबाहेर होती.

आता मृत्यूच्या दाखल्याविषयी, कारण वाद तेथेच झाला. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना क्रमांक ४ भरतो. त्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मृत्यूकडे नेणारी साखळी वरून खाली लिहायची: श्वसनसंस्था निकामी, ती न्यूमोनियामुळे, तो कोविडमुळे. दुसऱ्या भागात हातभार लावणारे पण साखळीत नसलेले आजार लिहायचे: मधुमेह, जुना हृदयविकार. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये हेच स्पष्ट केले होते की सहव्याधी हे मृत्यूचे मूळ कारण म्हणून लिहू नये. तरीही ‘कोविडने की मधुमेहाने’ असा प्रश्न वर्तमानपत्रांत आणि समित्यांमध्ये घोळत राहिला. या नमुन्यात प्रत्येक कारणासमोर आणखी एक रकाना असतो, त्याकडे फारसे कुणी पाहत नाही: आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला. मी भरलेल्या कित्येक दाखल्यांत पहिल्या भागात ९ दिवस, १२ दिवस, १४ दिवस असे आकडे आहेत आणि दुसऱ्या भागात मधुमेहासमोर १५ वर्षे. पंधरा वर्षे तो माणूस गोळ्या घेत, शेतावर जात, मुलींची लग्ने करत जगला होता.

स्कॉटलंडमधील संशोधकांनी हाच प्रश्न मोजून पाहिला: कोविडने गेलेली माणसे तो झाला नसता तर आणखी किती जगली असती? जुन्या आजारांचा पूर्ण हिशेब धरूनही उत्तर सरासरी दहा वर्षांच्या आसपास आले, पुरुषांत थोडे अधिक आणि स्त्रियांत थोडे कमी. ‘तसेही ते फार काळ नव्हतेच’ असे म्हणणाऱ्यांनी ही दहा वर्षे लक्षात घ्यावीत.

साथीत मृत्यू इतर आजारांच्या नावावर नोंदले जातात, हे नवे नाही. लंडनमध्ये १८४७ च्या फ्लूच्या साथीत विल्यम फार या आकडेतज्ज्ञाने पाहिले की फ्लूच्या नावावर थोडेच मृत्यू आहेत, पण दमा, न्यूमोनिया आणि इतर कारणांखाली नेहमीपेक्षा कितीतरी अधिक माणसे मेली आहेत; जास्तीचे मृत्यू मोजण्याची पद्धत तेथून रुजली. १९५७ च्या जागतिक साथीनंतर अमेरिकेच्या आरोग्य खात्याने १९६० मध्ये दीर्घकालीन आजारांचे रुग्ण, पासष्टीच्या पुढचे लोक आणि गरोदर स्त्रिया यांना दरवर्षी फ्लूची लस देण्याची शिफारस केली. म्हणजे हृदयरोगी आणि मधुमेही यांना फ्लूचा विशेष धोका असतो, ही माहिती साठ वर्षांहून जुनी आहे.

औषधे बंद करण्याविषयीही लिहिले पाहिजे. मार्च २०२० मध्ये बातमी पसरली की विषाणू एसीई-२ या प्रथिनाच्या दरवाजातून पेशीत शिरतो आणि बीपीच्या काही गोळ्या तो दरवाजा वाढवतात. रामिप्रिल, टेल्मिसार्टन घेणाऱ्यांचे फोन सुरू झाले. काहींनी विचारण्याआधीच गोळी सोडली होती. पुढे ब्राझीलमध्ये ६५९ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांच्या गोळ्या महिनाभर थांबवल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या. परिणामात फरक पडला नाही. गोळी सोडून मात्र बीपी २०० वर गेलेले रुग्ण मी पाहिले. त्यातच टाळेबंदीत एसटी बंद, ग्रामीण रुग्णालयातल्या गोळ्या आणायला जाणे अशक्य, म्हणून पुष्कळांनी एक गोळी अर्धी करून दोन दिवस पुरवली. इटलीच्या लोम्बार्डी प्रदेशात पहिल्या लाटेत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना आदल्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा ५८ टक्क्यांनी वाढल्या होत्या. त्यात काही विषाणूने झाल्या, काही छातीत दुखूनही माणूस भीतीने घरीच थांबल्यामुळे. आपल्याकडेही झटक्याचे रुग्ण उशिरा येत. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ टळून गेलेली असे.

सरकारने या रुग्णांना आधी शोधण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ या २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधील मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप, सॅच्युरेशन आणि जुने आजार नोंदवत होते. ती कल्पना मला आजही उत्तम वाटते. फक्त अशी यादी साथ येण्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तयार असावी आणि तिच्यात आजाराच्या नावासोबत शेवटची साखर आणि शेवटचे बीपी असावे. लसीकरणाच्या वेळी हीच उणीव जाणवली. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातल्यांना वीस ठरावीक आजारांपैकी एक असल्याचा डॉक्टरचा दाखला आणावा लागे. मधुमेह असेल तर तो दहा वर्षांहून जुना किंवा गुंतागुंतीचा, आणि जोडीला उपचाराखालचे बीपी, अशी अट होती. गिरणीवाल्यासारखी साखर बेसुमार असलेली पण निदान न झालेली माणसे त्या यादीत बसत नव्हती. महिन्याभरात, १ एप्रिलला, ४५ च्या पुढे सर्वांना लस खुली झाली तेव्हा दुसरी लाट दारात होती.

कोविड आता मागे पडला असे समजून आपण सगळे पुन्हा जुन्या वळणावर आलो आहोत, म्हणून फ्लूविषयी आग्रहाने सांगतो. झटका येऊन गेलेल्या २,५७१ रुग्णांवर आठ देशांत झालेल्या चाचणीत, त्यात आपला शेजारी बांगलादेशही होता, निम्म्यांना रुग्णालयातच फ्लूची लस आणि उरलेल्यांना नुसते सलाईनचे इंजेक्शन देण्यात आले. वर्षभरात लस घेतलेल्यांपैकी २.९ टक्के दगावले, न घेतलेल्यांपैकी ४.९ टक्के. एका इंजेक्शनने इतका फरक पडतो आणि तरी आपल्याकडे अँजिओप्लास्टी होऊन घरी जाणाऱ्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर ही लस मला क्वचितच लिहिलेली दिसते. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, त्यामुळे मे अखेर ते जूनमध्ये ती घेणे सर्वांत सोयीचे. विषाणू बदलत राहतो म्हणून दरवर्षी घ्यावी लागते. लसीत मेलेला विषाणू असतो; तिने फ्लू होत नाही, दंड एक-दोन दिवस दुखतो.

आणि ज्यांना मधुमेह किंवा हृदयविकार आहे त्यांनी तापाच्या दिवसांसाठी आपल्या डॉक्टरकडून एक पान आधीच लिहून घ्यावे. माझ्या रुग्णांसाठी मी जे लिहितो ते असे: उलट्या होत असतील किंवा जेवण जात नसेल तर मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवून मला फोन करा. इन्सुलिन जेवण कमी झाले तरी आपल्या मनाने पूर्ण बंद करू नका. मात्रा विचारून घ्या. अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू ठेवा. साखर दर चार ते सहा तासांनी तपासा. पंपिंग कमी असेल तर रोज सकाळी वजन करा, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा उताणे झोपता येईनासे झाले तर त्याच दिवशी या. सॅच्युरेशन ९४ च्या खाली आले तर वाट पाहू नका. कुणाच्याही सांगण्यावरून स्टिरॉइड सुरू करू नका. हे पान फाइलच्या पहिल्या कप्प्यात ठेवा आणि घरात आणखी एकाला वाचून दाखवा, कारण रात्री दोन वाजता ताप चढलेला माणूस स्वतः फाइल उघडत नाही. ती सुनेला किंवा शेजारच्या मुलाला उघडावी लागते.